वाचण्यापुरती परवानगी

रविवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी वरच्या खोलीतल्या संगणकाने निवृत्त लघुलेखकांना त्यांच्याच आत्मचरित्रात शिरू दिलं नाही. 'हे फोल्डर उघडण्याची तुम्हाला परवानगी नाही,' एवढंच पडद्यावर आलं. एक वाजेपर्यंत पुस्तक छापखान्याकडे पोचायचं होतं. चुकलं तर छपाई दोन महिने पुढे, असं छापखानेवाल्याने बजावलं होतं.

त्यांनी मुलाला फोन लावला. "तुझ्या आईने पुन्हा काहीतरी दाबून ठेवलंय."

मुलगा एका विमा कंपनीचं नेटवर्क सांभाळत असे. तो अकराच्या आत हजर झाला. घरातले दोन्ही संगणक चार वर्षांपूर्वी त्यानेच एकमेकांना जोडले होते. वर बाबांचा, खाली जिन्यालगत आईचा. बाबा दिसेल त्या लिंकवर क्लिक करत आणि एकदा अख्खी डिस्क गमावून बसले होते. म्हणून पुस्तकाच्या फायली, दर प्रकरणाला एक, आईच्या संगणकावर ठेवल्या होत्या. त्या संगणकाचे सगळे अधिकारही आईच्या नावावर होते. यात विश्वासाचा भाग नव्हता. ऊठसूट पासवर्ड टाकायला येण्याचा मुलाला कंटाळा होता, आणि त्या अधिकारांचं काय करायचं हे आईला कधी कळणार नाही, याची खात्री होती.

जिना चढता चढता त्याने विचारलं, "आई, कशाला हात लावलास का गं?"

"लावला की," आई म्हणाली.

"आता लावू नकोस."

वरच्या खोलीत बापलेकांचं चटकन एकमत झालं. एरवी त्यांचं कशावरही जमत नसे, पण आईला संगणकातलं काही कळत नाही, यावर जमे. बाबांनी तिच्या वहीची गोष्ट सांगितली, जिच्यात ती प्रत्येक बटणाचं काम लिहून ठेवते. मुलाने ती तीन वेळा ऐकलेली होती, तरी तो हसला. छापखान्याला ईमेल पाठवायचं काम मात्र बाबांनी तिच्याकडेच दिलं होतं. फाइल जोडणं, पाठवणं, पोचली का ते बघणं, ही त्यांच्या मते कारकुनी होती.

मुलाने अडीअडचणीसाठी राखून ठेवलेल्या आपल्या पासवर्डने खालच्या संगणकाच्या परवानग्या उघडल्या. बाबांच्या नावापुढे मनाईच्या चौकटीत खूण होती.

"हे आपोआप होत नाही," तो म्हणाला. "पण आईच्या हातून काहीही होऊ शकतं."

खूण काढल्यावर फोल्डर उघडलं. बाबा अर्पणपत्रिकेवर शेवटचा हात फिरवायला बसले. अकरा वाजून एकतीस मिनिटांनी ते पुन्हा बंद झालं. बाहेरच्या फोल्डरचे नियम आतल्या फोल्डरला कसे लागू होतात, यावर मुलाने बाबांना छोटं व्याख्यान दिलं आणि खूण पुन्हा काढली. पावणेबाराला ती परत आली. मग त्याने राउटरला दोष दिला, राउटर बंद करून चालू केला, मग व्हायरसचा संशय घेतला. चौथ्या वेळी तर यादी मिटून परत उघडेपर्यंत खूण जागच्या जागी.

सव्वाबाराला तो खाली उतरला.

आई चष्मा लावून संगणकापुढे बसली होती. पडद्यावर डावीकडे परवानग्यांची यादी होती आणि उजवीकडे सातवं प्रकरण. तिने मागे वळूनही न बघता त्याला सांगितलं, की लग्नाआधी आणि नंतरही मिळून नऊ वर्षं ती टेलिफोन खात्याच्या नोंदी विभागात होती. कोणती नोंद कोणी बघायची, कोणी बदलायची, हे तिच्या टेबलावर ठरत असे. मुलाला एवढंच माहीत होतं, की आई पूर्वी कुठेशी नोकरीला होती. कुठे, हे त्याने विचारलं नव्हतं.

सातव्या प्रकरणात बाबांनी लिहिलं होतं, की हिने संसारासाठी हौसेने नोकरी सोडली. ती ओळ आता तिथे नव्हती. तिच्या जागी दीड पान नवा मजकूर होता.

"राजीनामा यांनी टाइप केला," आई म्हणाली. "सहीची जागासुद्धा आखून ठेवली होती. चाळीस वर्षं परक्यांचं बोलणं शब्दन् शब्द उतरवून घेतलं या माणसाने. मी नाही म्हणत होते, तेवढंच उतरवायचं राहिलं."

वरून बाबांचा आवाज आला. सापडलं का, आणि नसेल तर तिला आधी तिथून उठव.

"आई, उघड ना," मुलगा म्हणाला. "एक वाजत आला."

"उघडते. वाचण्यापुरतं." तिने मनाईची खूण काढली, वाचनाची तेवढी ठेवली. "वाचून झालं की खाली येऊन सांगायचं म्हणावं, पाठव. मग पाठवते."

मुलाने वर निरोप दिला. वरचा आवाज आणखी थोडा वेळ चालला. पुस्तकाची भाषा, घराची अब्रू, या वयात हे काय, असं बरंच काही. मग एकदम थांबला.

मुलाकडे स्वतःचा पासवर्ड होता. बाबांना सगळे अधिकार परत देणं दोन क्लिकचं काम होतं. तो जिन्याच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला आणि कोण कोणती फाइल उघडून बसलंय, याची यादी त्याने समोर आणली.

एक वाजायला सहा मिनिटं होती. छापखान्याला ईमेल गेलेली नव्हती. यादीत बाबांच्या नावापुढे एकच फाइल होती, सातवं प्रकरण, अठरा मिनिटांपासून उघडं. ते सगळं मिळून चार पानांचं आहे.