संस्थेचा पहिला पाहुणा

रुपानं दोन मैत्रिणींना घेऊन जखमी जनावरांसाठी संस्था काढली, तेव्हा "हे कायचे धंदे" म्हणून चंद्रभागाबाईंनी लेकीला दिवसभर फैलावर घेतलं होतं. पण दिघोरीच्या रस्त्यावर मोटारसायकलनं उडवलेला एक बेवारस बोकड संस्थेचा पहिला पाहुणा म्हणून त्यांच्याच गोठ्यात आला, आणि बाईंचा नूरच पालटला. रोज त्याच्या पायाला हळदीचा लेप काय, त्याच्यासाठी शिवारभर फिरून कोवळा पाला काय!

"आमची आई पूर्ण बदलली," रुपा मैत्रिणींना अभिमानानं सांगायची.

दोन महिन्यांत बोकड चारी पायांवर उड्या मारू लागला, आणि त्याच आठवड्यात संस्थेच्या नोंदणीचा कागद आला. रुपा धावतच गोठ्यात गेली.

"आई, झाली आपली नोंदणी!"

चंद्रभागाबाईंनी मातामायच्या देवळाकडे तोंड करून हात जोडले, मग बोकडाच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला.

"पावली माय! तुया कागदासाठी बोकडाचा नवस बोलली होती मी. लंगडं जनावर तिले चालत नाही न वं, म्हणून तं इतके दिवस हळद लावून राहिली होती."