मी मागून येते

"अहो डॉक्टर, कागद आला का?"

नम्रताचा सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला.

"आला की तुम्हालाच आधी सांगेन. मलाही एखादा राऊंड शांतपणे घ्यायचाय," डॉ. अस्मिता म्हणाल्या.

कागद म्हणजे यमुनाबाईंच्या सुटकेचा हुकूम. नवऱ्याच्या खुनाबद्दल त्यांना जन्मठेप झालेली. आता कर्करोग यकृतापर्यंत पोचला, म्हणून येरवड्याच्या तुरुंगातून या इस्पितळात आणलेलं. कोपऱ्यातला पलंग आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेली हवालदार अपेक्षा. बाईंचं मागणं एकच होतं. दाराशी पोलीस नसताना मरायचं.

नम्रता त्यांना आई म्हणायची. पाठ पुसायची, ओठांना तूप लावायची, वरणाचं पाणी चमच्याने पाजायची आणि नको म्हटलं की दटावायची. घाणीला नाक मुरडलं नाही की कधी चिडली नाही. अशी माणसं पाहिली की आपलीच आपल्याला लाज वाटते.

शेजारच्या पलंगावर सदाशिव पेठेतल्या सरोजिनीबाई होत्या. त्यांना नम्रताचं भारी कौतुक, पण जीभ पेठेतलीच.

"लेक असावी तर अशी. हवालदारीणबाईंशीही काय गट्टी, पाणी भरायला जातात तरी जोडीने! रोज तीच हिरवी साडी का, तेवढंच विचारायचं राहिलंय."

"दुसरा रंग मला शोभत नाही, काकू," नम्रता हसून म्हणाली.

एकदा डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सुटकेची एवढी घाई का करता? इथे तुम्ही आहात त्यांच्याजवळ."

"मी आहे म्हणून तिला अडकवून ठेवायचं का?"

डॉक्टर पुन्हा राऊंडला लागल्या.

गुरुवारी कागद आला. कोथरूडच्या एका शुश्रूषाकेंद्रात खिडकीजवळचा पलंग डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवला होता. अपेक्षाने दारातली खुर्ची उचलून भिंतीला लावली. त्या मोकळ्या दाराकडे यमुनाबाई बघतच राहिल्या आणि मग हमसून हमसून रडल्या.

अँब्युलन्समध्ये चढवताना त्या नम्रताचा हात सोडेनात.

"पोरी, तू पण बस ना."

"तू हो पुढे, आई. मी मागून येते."

"नक्की?"

"नक्की. आणि तिथे वरणाच्या पाण्याला नको म्हणायचं नाही."

गाडी फाटकाबाहेर वळली तरी नम्रता हात हलवत उभी होती.

"ती कैदी होती तोवरच तुला सोबतीची परवानगी होती," अपेक्षा हळूच म्हणाली. "सुटकेच्या मागे लागली नसतीस, तर शेवटपर्यंत तिच्याजवळ राहिली असतीस."

"माहीत होतं मला."

नम्रताने डोळे पुसले, हिरवा पदर कमरेला खोचला आणि ती येरवड्याच्या गाडीत चढली. अपेक्षाने बाहेरून जाळीचं दार ओढून कुलूप लावलं.