दोन बोटांचा फरक

ते साल एकसष्टचं. शाळेला लांब सुट्टी लागली आणि मास्तर-मास्तरीण परदेशातल्या एका थंड गावी भाड्याच्या खोलीत येऊन राहिले. मास्तर भूगोल शिकवायचे. मास्तरणीने जन्मात कधी खडू हातात धरला नव्हता. ती कपडे शिवायची. पण मास्तरांची बायको म्हणून मास्तरीण झाली ती कायमचीच.

सुट्टी हे निमित्त. तिथल्या बालगृहातली सात वर्षांची एक मुलगी त्यांना दत्तक मिळायची होती. बालगृहाचा नियम असा, की सुट्टीभर मुलीला रोज सकाळी फिरायला न्यायचं आणि संध्याकाळी परत आणून सोडायचं. सूर जुळला तर शेवटच्या दिवशी सही. नाही जुळला तर आलात तसे परत जा. मास्तरणीची चाळिशी उलटली होती. पुन्हा एवढ्या लांब येऊन असं कोणापुढे उभं राहायचं बळ आपल्यात नाही, हे तिला ठाऊक होतं.

पहिल्या सकाळी दारावरच्या मावशीने मुलीला बाहेर आणलं. केस तिथल्या सगळ्या पोरींसारखे बारीक कापलेले, कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली, अंगात तपकिरी कोट.

"ही तर चिमणी!" मास्तर म्हणाले. तेच नाव पडलं.

दोघांनी वर्षभर घोकून तिकडची भाषा कामापुरती शिकून घेतली होती. पण त्या दिवशी भाषेची गरजच पडली नाही. तळ्यावर होडीत बसून चिमणी खळखळून हसली. येताना तिने आपणहून मास्तरणीचा हात धरला. तेव्हा मास्तरणीला दिसलं, कोटाची बाही आखूड होती आणि पोरीचं मनगट गारठून लाल झालं होतं. तिने बाकावर बसून पिशवीतली सुई काढली आणि दोन्ही बाह्यांची दुमड उसवून त्या दोन बोटं वाढवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी बाह्या पार पंजावर आल्या.

"इतकी वर्षं गावाचे कपडे शिवलेस," मास्तर हसून म्हणाले, "आणि पोरीच्या बाहीला चुकलीस?"

"माझा हात चुकत नाही," मास्तरीण म्हणाली. पण बाही तर समोर लोंबत होती.

त्या दिवशी चिमणी होडीत पाऊल टाकेना. काठावरचा खांब घट्ट धरून उभी राहिली.

"अगं, काल तर बसलीस!"

"काल मजा आली," ती खाली बघत म्हणाली. खांब काही सोडला नाही.

मग तसंच चालू राहिलं. एक दिवस चिमणी मास्तरणीच्या कुशीत शिरायची, दुसऱ्या दिवशी हात लावला की अंग चोरायची. मास्तर सांगायचे ती गोष्ट मात्र तिच्या नेमकी लक्षात राहायची. काल राजपुत्र विहिरीत पडला तिथेच थांबलो, आज तो वर कसा येतो ते सांगा. खाऊ घेतला की अर्धा खायची, अर्धा कागदात गुंडाळून खिशात.

"कोणासाठी गं?"

"उद्यासाठी."

संध्याकाळी तिला सोडताना मास्तरीण दारावरच्या मावशीला विचारायची, "ही अशी का वागते हो?"

"अशीच आहे ती," मावशी म्हणायची आणि कडी लावून घ्यायची.

सुट्टी सरत आली. एका दुपारी बाहेर पाऊस लागलेला असताना मास्तर म्हणाले, "जबरदस्ती नको करू या. आपण चार पावलं पुढे जातो आणि ती पुन्हा पहिल्या ठिकाणी. तिला आपण नको असू."

मास्तरणीने खिडकीकडे तोंड केलं आणि पदर डोळ्यांना लावला.

त्या संध्याकाळी चिमणीला सोडल्यावर मास्तरीण बालगृहाबाहेर बराच वेळ उभी राहिली. वरच्या खिडकीत नेहमीसारखं कोणीतरी पोर काचेला नाक लावून उभं होतं.

"या गारठ्यात सगळ्या मुली बाहेर कशा जातात?" तिने मावशीला विचारलं.

"कोट मोजकेच आहेत, बाई. आळीपाळीने घालतात." मावशीने तिच्याकडे नीट पाहिलं. "काय करणार? सुट्टी सगळ्यांनाच हवी असते."

दुसऱ्या दिवशी मास्तरणीने निळं लोकरी कापड आणलं आणि घरमालकिणीचं मशीन मागून घेतलं.

"एवढं कापड?" मास्तर म्हणाले. "चिमणीला शिवतेस की हत्तीला?"

"तुम्ही भूगोल बघा," ती म्हणाली आणि कात्री चालवायला लागली.

शेवटच्या दिवशी बालगृहाच्या मोठ्या बाईंनी विचारलं, "ठरलं का मग?" मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. चिमणी भिंतीला पाठ लावून उभी होती, हात तपकिरी बाह्यांत बुडालेले. मास्तरणीने पुडकं सोडलं, निळा कोट काढून तिच्या अंगात चढवला. बाही बरोबर मनगटावर येऊन थांबली.

"जमलं की माप," मास्तर म्हणाले.

"म्हटलं होतं ना, हात चुकला नव्हता."

मास्तरांनी पेन उचललं.

मास्तर जाऊन आता तीस वर्षं झाली. जाईपर्यंत ते त्या गावाचा नकाशा हाताने काढून दाखवायचे. मावशी म्हातारपणी भावाकडे राहायला गेली. तिच्यासाठी दर थंडीत इकडून लोकरीचं काहीतरी जायचं. बालगृह पाडलं, तिथे आता पोस्ट आहे. चिमणी डॉक्टर झाली, पण पाण्याची भीती तिच्या मनातून अजून गेलेली नाही. मास्तरीण नव्वदी गाठून गेली. शेवटपर्यंत सुई स्वतः ओवायची.

सहीच्या त्या दिवशी पुडक्यात आणखी एक निळा कोट होता, बाह्या दोन बोटं लांब. "हा होडीत हसते तिचा," मास्तरीण म्हणाली, "वर खिडकीत उभी असेल बघा." आणि मावशीने धावत जिना चढून तो माझ्या अंगावर घातला.