चारशे बारा पानं

"ती तार पुन्हा एकदा ओढून बघ," ती खालून म्हणाली.

"सहाव्यांदा?" शिडीवरून नवऱ्याने विचारलं.

"मोजतोयस कशाला? ओढ."

त्याने ओढली. शाळेच्या जिन्यालगतच्या चौकात छतापासून लोंबणारं काचेचं झाड जरासुद्धा हललं नाही. चारशे बारा पानं, बोटभर जाड; शेंड्याला पोपटी, खाली येता येता गर्द हिरवी. त्याचं हे पहिलंच मोठं काम. गेले तीन महिने त्याने घरीच एकेक पान घडवलं होतं.

पहिलीची मुलं रांगेने आली आणि झाडाखाली सतरंजीवर बसली.

"बाई, यांना भिंतीकडे सरकवा ना थोडं," ती मुख्याध्यापिकांना म्हणाली.

"अहो ताई, गाणंच झाडाचं आहे. भिंतीखाली बसून कसं म्हणणार? आणि इंजिनिअर पाहून गेलेत. दुप्पट वजन पेलेल म्हणालेत."

"मग निदान माझ्या मुलीला मागे घ्या."

"ठकूला? तीच तर सुरुवात करणार आहे."

बाईंनी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो शिडी मिटत हसला. "मनावर घेऊ नका, बाई. ही औषधाच्या बाटलीवरची तारीख दोनदा वाचते आणि तिसऱ्यांदा मला वाचायला लावते."

बाईही हसल्या. ती ओशाळली. त्याच्या मोठ्या दिवशी आपण मोडता घालतोय, हे तिलाही कळत होतं.

पुढच्या रांगेतून ठकूने हात हलवला. बाईंनी वरच्या खिडकीचा पडदा सारला. ऊन थेट झाडावर आलं आणि मुलांच्या डोक्यांवर, गालांवर हिरवे कवडसे पसरले. "अय्या, मी हिरवी," कुणीतरी म्हणालं.

तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला. "तारा स्टीलच्या. हूक नवे. कुणाचा हात पोचत नाही. आता काय राहिलं?"

"काच आपोआप फुटत नाही?"

"फुटते की."

तिने झटकन त्याच्याकडे पाहिलं.

"पण ती घाईने गार केलेली असली तर," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "वरून गार होते, आतून तापलेलीच राहते. ताण आत कोंडतो. बाहेरून काही कळत नाही, महिना महिना. मग एक दिवस ऊन लागतं आणि ठिकऱ्या होतात. म्हणून तर आपली भट्टी एकेका खेपेला दोन दोन दिवस चालू ठेवली. आच हळूहळू कमी होत जाते, मधे खंड पडता कामा नये. एक रात्र जरी बंद पडली असती ना, तर मीच ही पानं इथे टांगली नसती. झालं समाधान?"

तिची नजर वरच्या पानांवरून खाली ठकूवर आली.

पेटीचा सूर लागला. ठकू उभी राहिली, तिने मान वर केली आणि तोंड उघडलं.

भट्टी ठकूच्या खोलीला लागून होती. पोर झोपलेली असताना भिंतीपलीकडे एवढी आग नको, म्हणून ती तीन महिने रोज निजताना भट्टीचं बटण बंद करत होती, आणि तो हसेल म्हणून त्याला जाग यायच्या आत पुन्हा चालू.