न चुकणारं घड्याळ

ग्वांगझूच्या घड्याळबाजारात, आपल्या काचेच्या गाळ्यात औयांग पाणबुड्यांची म्हणून विकली जाणारी दोन नकली घड्याळं तपासत होता. पहिलं दिवसाला वीस सेकंद मागे पडायचं. दुसरं आठवडाभरात एका सेकंदानंही चुकलं नव्हतं.

"कुणाचं यंत्र घातलंय यात?" म्हणत त्यानं दुसऱ्याचं झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. टिकटिक मात्र चालूच होती.

"दादा, झाका ते आधी!" शेजारच्या गाळ्यातली तानताई दारातून ओरडली.

त्यानं झाकण दाबून बसवलं. टिकटिक थांबली. घाबरून तो बाहेर निघाला, पण दार उघडेना. तो काचेवर मुठी आपटू लागला, सेकंदाला एक.

तानताईनं बाहेर ते घड्याळ उचलून काचेला कान लावला, आतली टिकटिक शांतपणे ऐकली आणि समोर आलेल्या गिऱ्हाईकाला म्हणाली, "घ्या बिनधास्त. हे कधी बंद पडायचं नाही."