इसरूभाऊ चुकत नाई

“लिवा मंग,” सुनिलनं पेन पुढं केला. “कोन जिंकते आन किती मॅचीत. दोनी बरोबर पाह्यजे.”

इसरूनं चष्मा पुसला. सोनीबाईच्या टपरीवर घुग्घुसच्या कोळसा खाणीची अर्धी पहिली शिफ्ट उभी होती आणि सगळ्यांच्या माना त्या कागदाकडं वळल्या होत्या. इसरूनं पाठ फिरवली, कागद भिंतीला टेकवून दोन ओळी लिहिल्या आणि चार घड्या घालून चिठ्ठी चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात टाकली. सुनिलनं डब्याला चिकटपट्टी गुंडाळली.

पैज साधी होती. कॉलनीमागचं बास्केटबॉलचं मैदान सुनिलच्या बापाच्या, बुधूच्या जागेवर होतं. बुधू होता तोवर कुणी चकार शब्द काढला नाही. आता सुनिलचे आठ ट्रक झाले आणि ते उभे करायला जागा हवी झाली. पोरांनी फारच गळ घातली, तेव्हा तो म्हणाला, “इसरूकाका भविष्य सांगते ना? फायनलचं सांगावं. खरं निघालं त मैदान पोरायचं. नाई त दुसऱ्या दिवशी पोल उपटतो.”

भविष्याचं असं, की इसरूनं खाणीत अठ्ठावीस वर्षं काढली. शिफ्ट उतरायच्या आधी सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, छत ठोकायचं, कान लावायचा आणि सांगायचं, हे राहते का पडते. तो ‘पडते’ म्हणाला की छत बिचारं पडायचंच. एकदा म्हणे ते माणसं जेवायला बाहेर निघेपर्यंत अदबीनं थांबलं आणि मग पडलं. त्या माणसांत बुधूही होता. तेव्हापासून पाऊस असो, लग्न असो की निवडणूक, लोक इसरूला विचारत. अजून तरी तो चुकलेला कुणाच्या ऐकिवात नव्हता.

फायनल होती मुलींच्या प्रोफेशनल लीगची. बंगळुरू विरुद्ध चंदीगड, सातपैकी आधी चार जिंकेल त्याचा चषक. आणि बंगळुरूकडून खेळत होती सोनीबाईची पोरगी, दिव्यानी. याच मैदानावर इसरूनं तिला खेळ शिकवला होता. इसरू रोज पहाटे मैदानावरची कोळशाची धूळ पाण्यानं धुऊन काढायचा, तरी त्या पोरीचे तळवे दहावीपर्यंत काळेच राहिले. आता ती टीव्हीवर पांढरेशुभ्र बूट घालून धावत होती.

त्यामुळं चिठ्ठीत काय असेल ते कुणी विचारलंच नाही. प्रश्न फक्त किती मॅचींचा होता.

पहिली मॅच बंगळुरूनं जिंकली. सोनीबाईनं सगळ्या टपरीला फुकट चहा पाजला. दुसरी चंदीगडनं घेतली. दुसऱ्या दिवशी इसरूनं मैदान दोनदा धुतलं आणि चुन्याच्या रेघा नव्यानं मारल्या.

“भाऊ लय खुशीत हाय,” सोनीबाई म्हणाली.

तिसरी आणि चौथी पुन्हा बंगळुरूनं मारली. तीन-एक.

“पाचात लिवलं का, काका?” सुनिलनं विचारलं.

“डबा सांगन,” इसरू म्हणाला.

पाचवी गेली. इसरूनं दोन्ही पोलना रंग दिला. सहावीही गेली, तीन-तीन. त्यानं रिंगला नवी जाळी बांधली. लोक एकमेकांना कोपरानं ढोसत राहिले. याले म्हनतात भरवसा.

सातवी मॅच संध्याकाळी होती. टपरीसमोर रस्त्यापर्यंत मोटरसायकली लागल्या. दिव्यानीनं एकटीनं एकतीस गुण केले आणि बंगळुरू एका गुणानं हरलं.

सोनीबाईनं पदरानं डोळे पुसले, मग ताठ उभी राहून म्हणाली, “एकतीस मारले माह्या पोरीनं. मोजून घ्या.”

इसरू उठला. “सुनिल, पोल सकाळी काढ. आता अंधार पडते.”

“आधी डबा त उघडू द्या.” सुनिलनं चिकटपट्टी फाडली, चिठ्ठी काढली, दिव्याखाली धरली. बराच वेळ पाहत राहिला. मग घसा खाकरला.

“चंदीगड,” त्यानं वाचलं. “सात मॅचीत.”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग पोरांनी असा गलका केला, की रस्त्यावरचा एक ट्रक अपघात समजून थांबला.

“सुनिल, थे...” इसरूनं तोंड उघडलं.

“आता भाषन नोका देऊ, काका. हरलो म्हनलं ना.” सुनिलनं चिठ्ठीच्या पुन्हा चार घड्या घातल्या आणि ती इसरूच्या खिशात कोंबली. “मैदान पोरायचं. ट्रकायचं मी पाहून घेईन. सोनीबाई, चहा द्या.”

लोकांनी इसरूला खांद्यावर घेतलं. अठ्ठावीस वर्षं छत, आता फायनल. इसरूभाऊ चुकत नाई. इसरूनं वरून सुनिलकडं पाहिलं. सुनिल बशीतला चहा फुंकत होता.

सोनीबाईनं मात्र त्या दिवसापासून इसरूशी बोलणं सोडलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो मैदान धूत असताना ती चहा घेऊन आली. ग्लास दगडावर आपटला. चहात साखर नव्हती.

“साऱ्या दुनियेनं तिच्यावर भरवसा ठेवला,” ती म्हणाली. “तुमी तिले शिकवलं, आन तुमीच तिच्या इरुद्ध लिवलं. असं काऊन केलं, भाऊ? छताले कान लावत होते, तसा पोरीच्या काळजाले कधी लावला का?”

“चुकलंच, बाई,” इसरू म्हणाला.

“चुकलं कुठी? तुमी त कधी चुकतच नाई.”

ती पाठ फिरवून गेली. इसरूनं कडू चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला, ओले हात धोतराला पुसले आणि खिशातली चिठ्ठी उलगडली. तिच्यावर त्याच्याच वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं: “आपली दिव्यानी जिंकते. चारच मॅचीत, एकही न हारता.”