शय्यादान

"उंदीर पडलाय का तुमच्यात?" गणपतरावांनी दाराच्या फटीतून विचारलं.

"एक पडलाय की." शालूबाईला खरं बोलायची खोड होती.

"मग माघारी जा."

गणपतराव म्हाताऱ्यांच्या धर्मशाळेचे कारभारी. प्लेगनं निम्मं कोल्हापूर माळावर झोपड्यांत जाऊन बसलं होतं. धर्मशाळेतल्या म्हाताऱ्यांना माळापर्यंत चालवतंय कोण? गणपतरावांनी आपलं दाराला कुलूप घातलं. आत गंधकाची धुरी, बाहेर चुन्याची रेघ. बाहेर माणसं मरत होती आणि आत म्हातारे खोकत होते. त्या खोकण्याचा गणपतरावांना फार अभिमान होता.

शालूबाई आत राहणाऱ्या आईसाठी, चिमणाबाईंसाठी, उचगावहून चालत आली होती. डोक्यावर नवी वाकळ. "मी आत येत न्हाय. एवढी वाकळ तेवढी आईला द्या. थंडीनं हाडं मोडत्यात तिची."

"उंदीर पडलेल्या घरची चिंधीबी आत यायची न्हाय."

"नवी हाय. उनात तापवलीया."

"माझा इस्वास हाय गं. कुलपाचा न्हाय."

शालूबाई रेघेबाहेर वाकळ मांडीवर घेऊन बसली.

तेवढ्यात शाहूपुरीकडून बैलगाडी आली. गाडीत पलंग, गादी, उशी, छत्री, नवा जोडा. मागून नृसिंहपंत, डोकं नुकतंच भादरलेलं. त्यांच्या घरचं धान्य धर्मशाळेच्या चुलीवर शिजत असे. गणपतरावांनी दाराची फट जरा मोठी केली.

"वडील पहाटे गेले," पंत म्हणाले. "शय्यादान करायचंय. घ्यायला एक भटजी गावात उरला नाही. आणि घरात ठेवलं, तर प्लेगवाले येऊन अंथरूण जाळतात. जाळलं तर बाबांनी वर जमिनीवर निजायचं का?"

"इचारू न्हाय, पंत. पर कशानं गेले?"

"म्हातारपणानं."

"ताप?"

"म्हातारपणाचा."

"गाठ?"

पंतांनी गाडीच्या चाकाकडे बघितलं. "काखेत होती एक. म्हातारपणाचीच."

गणपतराव विचारात पडले. धर्मशाळेचा नियम प्लेगच्या गाठीचा होता. म्हातारपणाची गाठ त्यात बसत नव्हती. आणि दारी आलेलं दान माघारी धाडायचं पाप त्यांच्या घराण्यात अजून कुणी केलं नव्हतं.

शालूबाई उठली. "अवो, ह्यास्नी इचारा की, उंदीर पडलाय का."

"गप. मोठ्या घरात उंदीर पडत न्हाईत."

कुलूप निघालं. पलंग दारात आडवा अडकला, म्हणून तो बाहेर उभा राहिला. गादी मात्र मऊ होती, दुमडून सहज आत गेली. गणपतरावांनी तिच्यावर तुळशीचं पाणी शिंपडलं. पंतांनी हात जोडले. आता त्यांचा चेहरा निवांत दिसत होता. गाडी निघून गेली.

"कुणाला देणार ती?" शालूबाईनं विचारलं.

गणपतराव हसले. माणूस मनानं वाईट नव्हता. "तुझ्याच आईला. थंडीनं हाडं मोडत्यात म्हणलीस न्हवं?"

शालूबाई वाकळ घेऊन पुढं सरली. वाकळीची एक कड चुन्याच्या रेघेवर आली होती. गणपतरावांनी ती काठीनं बाहेर ढकलली, काठी फिनेलमध्ये बुडवली, कुलूप लावलं आणि दोनदा ओढून बघितलं.

थोड्या वेळानं आतनं चिमणाबाईंचा आवाज आला.

"शाले, हायस का गं?"

"हाय की, आई."

"जा आता घरला. माझी काळजी करू नगं. मोठ्या घरची गादी हाय, अजून ऊब हाय बघ तिच्यात."